फ्रियाहे नव्हे, हुय्फी

२१ जून, सकाळी ७
कोरडा पारा उणे १.४. ओल्या फडक्याचा पारा उणे २.०. रात्रीचं किमान उणे ३.१. आभाळ आठांत पाच भाग ढगाळ. वारा दक्षिणेचा, मंद.
शेरा: —

शेऱ्याचा रकाना नासारिया कालिसायानं कोराच ठेवला. हवामान खात्याचा नियम असा होता की तिथं गारा, धुकं, वीज, बर्फ एवढंच लिहायचं. मनातलं लिहायचं नाही. हा दुसरा भाग खात्यानं कुठं छापलेला नव्हता, तो नासारियानं स्वतःला घालून घेतला होता.

एकोणीस वर्षं ती दिवसातून तीनदा पाम्पा उयोच्या माळावर यायची. सकाळी सातला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. चार पायांवर उभी असलेली, फटीफटींची पांढरी पेटी उघडायची, आतले पारे वाचायची, वहीत आकडे लिहायची आणि फोनवरून पुनोच्या कचेरीला कळवायची. गावात त्या पेटीला ‘नासारियाचं खुराडं’ म्हणत.

“दिलं का गं अंडं?” कुंपणापलीकडून नणंद विचारायची. नणंदेचं नाव लेओकादिया. मेंढ्या हाकत ती रोज बरोबर सातलाच तिथून जायची, तेही फक्त हे विचारायला.

“दिलं. उणे तीन.”

“एवढंसं? ही कोंबडी कापून खायच्या लायकीची झाली.”

लेओकादिया थट्टा करत होती, पण तिचं तोंड सुकलेलं होतं. सगळ्या गावाचंच सुकलं होतं. घराघरांत कडू बटाट्याचे ढीग पडून होते. हा बटाटा मोठा चिवट, चार हजार मीटर उंचीवर दुसरं काही उगवत नाही तिथं तो उगवतो. पण तसाच शिजवून खाल्ला तर जीभ आत ओढली जाते. त्याचं एकच करता येतं, चुन्यो. मोकळ्या माळावर पसरायचा, सलग तीन रात्री दगडासारखा गोठू द्यायचा, दिवसा उन्हात सोडायचा, मग पायांनी तुडवून त्याचं कडू पाणी काढायचं आणि वाळवायचा. एकदा वाळला की दहा वर्षं टिकतो. वर्षभराचं सार, वर्षभराची न्याहारी, लेकीसुनांच्या बाळंतपणाचं जेवण, सगळं त्याच्यावर.

त्यासाठी लागतात तीन रात्री. नुसती थंडी चालत नाही. आभाळ निखळ हवं, वारा पडलेला हवा, हवा कोरडी हवी, म्हणजे जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि पहाटे गवत पांढरं होतं. सरकारी भाषेत तिला एलादा म्हणतात. गावाच्या आयमारा भाषेत हुय्फी. फेब्रुवारीत, झाड फुलावर असताना आली तर वैरीण. जूनमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, आली तर माहेरवाशीण.

यंदा जून संपत आला तरी माहेरवाशीण फिरकली नव्हती. रोज रात्री ढग, रोज रात्री उणे दोन, उणे तीन. ढिगाच्या तळाचे बटाटे मऊ पडायला लागले होते.

*

त्या दिवशी सकाळी दहाला नासारियाच्या फोनवर कचेरीचा कागद आला. दोन उतारे होते.

उतारा पहिला: पुनो प्रांताच्या उत्तरेकडील जंगली भागात २१ ते २४ जून फ्रियाहे. दाट ढग, रिमझिम, जोराचे वारे, तापमान बारा अंशांपर्यंत उतरेल.

उतारा दुसरा: पुनो प्रांताच्या उंच भागात व सरोवराच्या काठी २१च्या रात्रीपासून २५ जूनच्या पहाटेपर्यंत, चारही रात्री, तीव्र एलादा. निरभ्र आकाश, शांत वारा, किमान उणे बारापर्यंत.

नासारियानं दुसरा उतारा तीनदा वाचला. मग वर पाहिलं. पश्चिमेकडून ढगांची कड उसवत चालली होती. चार रात्री. तीन लागतात, मिळताहेत चार. ती अंगणात एकटीच हसली.

आणि घरात रेडिओ बोलत होता.

“सात वारे! सात वाऱ्यांवरून तुमचा एदिल्बेर्तो चांबिया! ताजी खबर, मित्रहो, पुनोवर फ्रियाहे! दक्षिण ध्रुवाकडून निघालेला फ्रियाहे पोलार आपल्या दारात येऊन ठेपलाय! चार दिवस, मित्रहो, चार दिवस! घराबाहेर काही ठेवू नका! मी पुन्हा सांगतो, फ्रियाहे!”

नासारियाचं हसू ओठांवरच राहिलं. एदिल्बेर्तो म्हणजे बेर्तो, तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. याच माळावर धावत मोठा झालेला. आवाज असा की मेंढ्यासुद्धा थांबून ऐकत. शब्द मात्र त्याला जेवढा मोठा तेवढा आवडायचा.

*

दुपारी १
कोरडा पारा १३.२. ओला ४.१. आभाळ आठांत दोन.
शेरा: कागदाला दोन उतारे आहेत (खोडलं).

*

तीन वाजता शाळेच्या पटांगणात गावाची सभा भरली. अध्यक्ष होता एर्मोहेनेस ताराकी. वय सहासष्ट, खांदे अजून बैलाचे. तरुणपणी अकरा वर्षं तो डोंगरापलीकडे इनांबारी नदीकाठी कॉफीच्या मळ्यांत होता. पटांगणातल्या निम्म्या पुरुषांनी तिकडची कॉफी तोडलेली होती.

“फ्रियाहे म्हणजे काय, हे मला रेडिओनं शिकवायला नको,” एर्मोहेनेस म्हणाला. “मी भोगलाय. दक्षिणेकडून वारा येतो, आभाळ डोक्याला लागेल एवढं खाली उतरतं, आणि मग भुरभुर, भुरभुर, भुरभुर. तीन दिवस, चार दिवस. कोंबड्या झाडावरून खाली पडायच्या. वाळत टाकलेली कॉफी बुरशीनं हिरवी व्हायची. अशा हवेत बटाटा उघड्यावर टाकायचा? लगदा होईल. पोती बांधा. ताडपत्री घाला.”

माना हलल्या. नासारिया उभी राहिली.

“दादा, तुमचं खरं आहे.”

“मग खाली बस.”

“तुम्ही सांगितलात तो फ्रियाहेच. पण तो इथं नाही येणार. तो जंगलात आहे. आपल्याकडे हुय्फी आहे. हा बघा कागद.”

एर्मोहेनेसनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “पुनो,” तो मोठ्यानं वाचू लागला, “फ्रियाहे. दाट ढग. रिमझिम.” त्यानं फोन परत दिला. “तुझाच कागद म्हणतोय, ताई.”

“खाली वाचा. दुसरा उतारा.”

“मोठी बातमी वर लिहितात. वरचीच वाचली मी.”

“आणि बेर्तोही तेच सांगतोय,” मागून कुणीतरी म्हणालं. “तो शिकलेला आहे.”

लेओकादिया उठली. तिला बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. “वहिनी, गेल्या साली तू म्हणालीस पसरा. दुसऱ्या रात्री ढग आले. माझी सहा पोती काळी पडली. तुझी तरी कुठं वाचली?”

“नाही वाचली.”

“मग?”

गेल्या वर्षी कागद आला नव्हता, नासारियानं स्वतःच्या अंदाजानं सांगितलं होतं. ते बोलून काय झालं असतं. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पीत होती. फुंकायला शिकवलं होतं तिनंच.

“आज रात्रीचं आभाळ बघा तरी,” ती म्हणाली.

“पाहुणा यायच्या आधी अंगण झाडतात,” एर्मोहेनेस म्हणाला. “आज निरभ्र होईल. उद्या येईल तो.”

लोक उठून गेले. दारादारांतून पोत्यांची तोंडं आवळल्याचा आवाज येत राहिला. फ्रियाहे, फ्रियाहे, असं म्हणत म्हणत गाठी बसत होत्या.

नासारियानं मात्र घरी जाऊन आपल्या चार पोत्यांच्या गाठी सोडल्या. त्यातली दोन बेर्तोच्या वाट्याची होती, त्याच्या आईच्या वाफ्यातली. तीही सोडली. वाकून वाकून एकेक बटाटा गवतावर असा मांडला की एकाचं अंग दुसऱ्याला लागू नये. सबंध माळावर एवढंच एक अंथरूण. लेओकादिया दारातून बघत होती, पण आली नाही.

*

संध्याकाळी ७
कोरडा पारा ०.६. ओला उणे ४.०. आभाळ आठांत शून्य. वारा नाही.
शेरा: वारा नाही. वारा नाही.

*

२२ जून, सकाळी ७
किमान उणे ७.८. जमिनीलगत उणे ११.३. आभाळ आठांत शून्य.
शेरा: एक रात्र गेली.

गवत पांढरं होतं. बादलीवर बोटभर बर्फ होता. नासारिया आपल्या अंथरुणाकडे गेली, एक बटाटा उचलला आणि कुंपणाच्या दगडावर आपटला.

टक्.

“दिलं का अंडं?” लेओकादिया मेंढ्यांमागून म्हणाली. मग तिनं तो आवाज ऐकला आणि थांबली.

“हे बघ,” नासारिया म्हणाली.

लेओकादियानं बटाटा हातात घेऊन पाहिला. नखानं टोकरला. “रेडिओ आत्ता पण फ्रियाहेच म्हणत होता,” ती हळूच म्हणाली. “एर्मोहेनेस म्हणतो दुपारी ढग येतील.”

“माझ्यावर नाही ना विश्वास?”

“तुझ्यावर आहे गं. तुझ्या नशिबावर नाही.”

नासारियानं हिशेब केला. चारातली एक गेली. उरल्या तीन. लागतात तीन. आज संध्याकाळच्या आत पोती सुटली पाहिजेत, आणि ती फक्त पाम्पा उयोची नव्हेत. सरोवराच्या त्या काठी अकरा गावं होती आणि अकराही गावांत सकाळचं पाणी तापत असताना बेर्तोच बोलत असायचा.

तिनं वही शालीत घातली. गोठलेला बटाटा लोकरीच्या फडक्यात गुंडाळून कंबरेला बांधला, ऊब लागू नये म्हणून शालीच्या बाहेर. रस्त्यावर चुकासायाच्या बाजारगावाला जाणारी गाडी मिळाली. दुपारी एकच्या आत परत यायचं होतं. एकोणीस वर्षांत एकदाही आकडा चुकला नव्हता.

*

‘सात वारे’ रेडिओ केंद्र चुकासायाच्या बाजारात, खिळ्यामोळ्यांच्या दुकानावर होतं. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले. नासारिया जिना चढून आली तेव्हा बेर्तो कानांवर डबडी लावून बसला होता, एका हातात ब्रेड.

“मावशी? काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही. खुराडं तुझंही आहे की रे,” भिंतीकडे बघत ती म्हणाली.

“पाच मिनिटं बस. लिमा येतेय लाईनवर. लिमा, मावशी! मोठी वाहिनी. सबंध देश बघणार, आणि आपल्या सात वाऱ्यांवरही थेट जाणार.”

“येऊ दे. तू काल काय बोललास?”

“काय बोललो? कागदात होतं ते.”

“कागदात दोन उतारे होते.”

बेर्तोनं ब्रेड खाली ठेवला. “अगं, एलादा कोण ऐकतं? दर वर्षी एलादा. लिमावाल्यांना म्हटलं एलादा, तर म्हणतात, बरं, बघू. म्हटलं फ्रियाहे पोलार, तर ते स्वतः फोन करतात. शब्दाला वजन लागतं, मावशी. शेवटी थंडी ती थंडीच ना?”

“एर्मोहेनेसनं काल गावाची पोती बांधून ठेवली.”

“का?”

“तू फ्रियाहे म्हणालास म्हणून.”

“मग? थंडीत पसरायचे ना? थंडी आहे म्हणून तर…” तो बोलता बोलता अडला.

“तो अकरा वर्षं जंगलात होता, बेर्तो. फ्रियाहे म्हटल्यावर त्याला ढग दिसतात आणि रिमझिम दिसते. तुझा शब्द लोकांनी खोटा मानला असता तर बरं होतं. त्यांनी खरा मानलाय. ‘बाहेर काही ठेवू नका’, असंही सांगितलंस वर.”

बेर्तोचे कान लाल झाले. तो माळावर वाढलेला होता, पोतं बांधलेलं म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. “सगळ्यांनी बांधली?”

“अकरा गावांत कुणाची उघडी असतील तर सांग. तुझ्या आईच्या वाफ्यातली मी पसरलीत. एवढीच.”

त्यानं कानावरची डबडी काढून हातात धरली. “आता काय करू? मी चुकलो म्हणून सांगितलं तर उद्यापासून माझं कोण ऐकेल?”

“हा प्रश्न मला काल सभेत पडला होता,” नासारिया म्हणाली. “सरक जरा. दुसरी खुर्ची आहे का?”

तेवढ्यात दिवा लागला. लिमा आली होती.

*

“…आणि आता थेट फ्रियाहेग्रस्त पुनोमधून आपले सहकारी एदिल्बेर्तो! एदिल्बेर्तो, काय परिस्थिती आहे?”

बेर्तोनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मायक्रोफोन मावशीकडे वळवला. “माझ्याबरोबर,” मावशीच्या नावाआधी ‘दोन्या’ असा मान लावत तो म्हणाला, “दोन्या नासारिया कालिसाया आहेत. एकोणीस वर्षं त्या इथली हवा मोजतात. त्याच सांगतील.”

“दोन्या नासारिया,” लिमाची बाई गोड आवाजात म्हणाली, “किती भयानक आहे हा फ्रियाहे?”

“नमस्कार. फ्रियाहे इथं नाही.”

“नाही?”

“डोंगरापलीकडे आहे, जंगलात. तिथं रिमझिम चालू असेल, तिथल्या लोकांचे हाल असतील, त्यांना विचारा. इथं एलादा आहे.”

“म्हणजे तेच ना, थंडीची लाट?”

“बाई, तुमच्या लिमात धुक्याची भुरभुर पडते. तिला तुम्ही वादळ म्हणता का?”

“नाही.” बाई थोडी हसली. “छत्रीसुद्धा लागत नाही तिला.”

“तसंच हे. फ्रियाहेला छप्पर लागतं, एलादेला घोंगडी लागते. गेल्या वर्षी तुम्ही टीव्हीवर आमच्याकडे फ्रियाहे म्हणालात. कुणा भल्या माणसांनी ट्रकभर रेनकोट पाठवले. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस पडत नाही. मेंढ्यांना घातले.”

दुसऱ्या टोकाला कुणीतरी हसलं आणि त्याला लगेच गप्प केलं गेलं.

“पण त्रास तर होतोच ना, दोन्या? लहान मुलं, जनावरं…”

“होतो की. पोरांच्या छातीत कफ धरतो. शाळेत शेकोटी द्या, दवाखान्यात औषध द्या, त्याला आम्ही नाही कुठं म्हणतो. आणि जे द्याल ते खऱ्या नावानं द्या, म्हणजे योग्य गाठोडं येईल. पण तुम्ही विचारलंत किती भयानक. आम्ही तिची महिनाभर वाट बघतोय.”

“थंडीची वाट?”

नासारियानं कंबरेचं गाठोडं सोडलं. बटाटा अजून पांढरा होता. तिनं तो मायक्रोफोनपुढच्या टेबलावर आपटला.

टक्.

पुन्हा, दोनदा. टक्. टक्.

“हा आवाज तुम्हाला कळणार नाही,” ती लिमाच्या बाईला म्हणाली, “म्हणून माफ करा, आता मी ज्यांना कळतो त्यांच्याशी बोलते.” आणि स्पॅनिश सोडून ती आयमारात शिरली. कुंपणापाशी उभं राहून लेओकादियाशी बोलावं, तशी.

“अगं बायांनो, अरे दादांनो, ऐकलंत ना. हा माझा बटाटा. काल रात्री बाहेर होता. उणे सात पूर्णांक आठ, जमिनीवर उणे अकरा. मी नासारिया, पाम्पा उयोची, खुराडंवाली. गेल्या वर्षी माझं चुकलं, लेओकादियाची सहा पोती काळी पडली, मला आठवण आहे. यंदा मी अंदाज सांगत नाही, कागद वाचून दाखवते, खालपासून.” तिनं दुसरा उतारा वाचला. सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा. “एर्मोहेनेस दादा, तुम्ही ऐकताय, ठाऊक आहे मला. तुमचा फ्रियाहे तुम्ही म्हणता तस्साच असतो. पण तुम्ही सांगा, अकरा वर्षांत तिकडे कधी बटाटा असा वाजला होता?”

टक्.

“ही हुय्फी आहे. हुय्फी. तीन रात्री उरल्यात, आपल्याला तीनच लागतात. गाठी सोडा.”

मग ती थांबली. काय बोलायचं ते बोलून झालं होतं. खोलीत एवढी शांतता झाली की खालच्या दुकानात कुणीतरी खिळे मोजून घेत होतं ते ऐकू आलं. चार सेकंद. सात. नऊ. हवेवर एवढा वेळ गप्प बसणं हे बेर्तोच्या धंद्यात पाप होतं. त्यानं ते होऊ दिलं.

मग त्यानं स्वतः आयमारात म्हटलं, “काल मी चुकीचा शब्द वापरला. माझ्या मावशीचा बरोबर आहे.” आणि लिमाला स्पॅनिशमध्ये, “एलादा, बाई. पोलार वगैरे काही नाही. आपली नेहमीची, घरची एलादा.”

*

पुढची गोष्ट नासारियाला नंतर लेओकादियानं सांगितली, दर वेळी थोडी वाढवून.

एर्मोहेनेस अंगणात दाढी करत होता. पहिला टक् ऐकून त्यानं वस्तरा थांबवला. तिसऱ्याला बायकोला म्हणाला, “आवाज मोठा कर.” प्रश्न आला तेव्हा तो रेडिओकडे बघून म्हणाला, “नाही. तिकडे बटाटा रडायचा. वाजायचा नाही.” अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो बाहेर आला आणि पहिलं पोतं त्यानं सुरीनं उसवलं. गाठ सोडत बसायलाही त्याला वेळ नव्हता.

*

परतीच्या गाडीत ड्रायव्हर आरशातून बघत होता. “मावशी, तुम्हीच ना त्या? वाजवा ना एकदा.”

“वितळला आता.”

“तरी वाजवा.”

तिनं खिडकीच्या पत्र्यावर वाजवला. चप्प असा ओला आवाज आला. सगळी गाडी हसली.

आणि मग वळण आलं. वळणानंतर सरोवराचा सगळा काठ दिसतो. नासारियानं काच खाली केली. उतारावर माणसं होती. पहिल्या गावाच्या माळावर, त्यापुढच्या गावाच्या माळावर, पार टोकाच्या टेकडीवर. लाल शाली, निळ्या शाली, वाकलेल्या पाठी, रिकामी होऊन फडफडणारी पोती. पिवळ्या गवतावर बटाट्यांची अंथरुणं पसरत चालली होती. एक, चार, मग मोजणं तिनं सोडून दिलं. मोजायचं सोडून देणं तिला एरवी जमत नसे.

गाडीतल्या एका बाईनं खिडकीतून ओरडून शेतातल्यांना विचारलं, “काय आहे?”

“हुय्फी!” उत्तर आलं. पुढच्या वळणावरही तेच आलं.

*

दुपारी १
कोरडा पारा १२.९. ओला २.८. आभाळ आठांत शून्य.
शेरा: वेळेवर पोचले.

आकडे कळवायला फोन केला तर पुनोच्या कचेरीतला माणूस घसा खाकरून म्हणाला, “दोन्या नासारिया, निरीक्षकानं जाहीर अंदाज सांगायचा नसतो. नियम ठाऊक आहे ना?”

“मी तुमचाच कागद वाचला.”

“हो, ऐकलं मी.” पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. “मी तो लिहिलेला. सहा वर्षं लिहितोय. आज पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत वाचला.” मग घाईनं, “आकडे सांगा.”

*

२३ जून, सकाळी ७. किमान उणे ९.६. शेरा: गावाचे बटाटे वाजतात.

२४ जून, सकाळी ७. किमान उणे ११.२. शेरा: एर्मोहेनेस दादा पेटी बघायला आले. ओलं फडकं कशाला, विचारलं. सांगितलं. पटलं नाही.

२५ जून, सकाळी ७. किमान उणे १२.०. आभाळ आठांत शून्य. शेरा: तीन.

*

दहाच्या सुमारास उन्हानं बटाटे सुटले, आणि गाव पायांतलं काढून माळावर उतरलं. हातभर उंचीचे ढीग केलेले, प्रत्येक ढिगावर दोघी-तिघी, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून. टाचेनं दाबायचं, चवड्यानं फिरवायचं. पायाखालून फेसाळ, तपकिरी, कडू पाणी निघत होतं. सालं पायाच्या बोटांत अडकत होती. कुणीतरी बासरी आणली होती, पण वाजवणारा स्वतःच ढिगावर चढल्यामुळे सूर पायांबरोबर उड्या मारत होता.

बेर्तो चुकासायाहून आला तो गळ्यात मायक्रोफोन अडकवून, नवे चकचकीत बूट घालून.

“आले पोलार साहेब,” लेओकादिया ढिगावरून म्हणाली. “वहिनी, ह्यांना रेनकोट दे गं.”

सगळा माळ हसला. बेर्तोही हसला, पण कान लाल. “आत्या, मी आवाज घ्यायला आलोय. तुडवण्याचा. लिमाला हवाय. त्या बाईनं स्वतः फोन केला. म्हणाली, चुन्यो म्हणजे काय ते सांगा.”

“उभं राहून घेतात का आवाज?” एर्मोहेनेसनं विचारलं. “बूट काढ.”

“दादा, गार असेल ते.”

“किती?” एर्मोहेनेस म्हणाला. “पोलार?”

बेर्तोनं बूट काढले. मोजे काढून बुटांत कोंबले. नासारियानं हात पुढे केला आणि त्याला आपल्या ढिगावर ओढून घेतलं, त्याच्या आईच्या वाफ्यातल्या. पहिलं पाऊल पडताच त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मायक्रोफोननं घेतला आणि दुसऱ्या दिवशी अकरा गावांनी ऐकला.

“मावशी,” थोड्या वेळानं तो म्हणाला. त्याला दम लागला होता, पण टाच बरोबर पडायला लागली होती. “उद्यापासून तुझे आकडे मी सकाळी वाचतो. सातचे. आयमारात आधी. आणि कागद आला की दोन्ही उतारे.”

“खालचा आधी वाच.”

“खालचा आधी.”

“आणि एखाद्या दिवशी हुय्फी नसेल, नुसते ढग असतील, तर?”

बेर्तोनं आणखी दोन पावलं तुडवली. “तर ढग म्हणेन,” तो म्हणाला. “ढगांना काय नाव आहे आपल्यात?”

“सतरा आहेत. तुडव, सांगते.”

तिनं चार सांगितली. पाचव्याला लेओकादियानं पलीकडच्या ढिगावरून हाळी दिली, “अगं खुराडंवाली, सावली बघ. एक वाजत आला.”

नासारिया उतरली. पाय धुवायला वेळ नव्हता. ती तशीच, सालं चिकटलेल्या पायांनी माळ ओलांडून पेटीकडे पळाली. मागे बासरी पुन्हा सुरू झाली होती, आणि कुणीतरी बेर्तोला टाच कशी टाकायची ते ओरडून शिकवत होतं.

२५ जून, दुपारी १
कोरडा पारा १३.८. ओला ३.०. आभाळ आठांत शून्य. वारा नाही.
शेरा: हुय्फी. कडू उतरलं. वहीवर डाग आहे तो बटाट्याचा, पावसाचा समजू नये.